रॅमच्या खाचेत एक थेंब

थेंबकाकांच्या घरातली दारं वाजत नसत. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण वाजत नसत म्हणजे किती वाजत नसत, ते आधी ऐका. एकदा भरदुपारी एक चोर कडी काढून आत शिरला. दार कुरकुरलं नाही, बिजागरी बोलली नाही, कडीनंही हूं की चूं केलं नाही. इतक्या शांततेची त्या बिचाऱ्याला सवय नव्हती. तो घाबरला, आल्या पावली बाहेर गेला, दार ओढून घेतलं आणि रीतसर बेल वाजवली. काकूंनी त्याला विजेचं मीटर बघायला आलेला माणूस समजून पाणी दिलं. खोटं वाटत असेल तर काकूंना विचारा. त्या नाही म्हणतील. पण तो चोर होता हे त्यांना कुठे ठाऊक आहे!

हा सगळा प्रताप काकांच्या लांब चोचीच्या तेलाच्या कुपीचा. काका एका मोठ्या कचेरीत टाइपरायटरांचे मुख्य मेकॅनिक होते. तुमच्यापैकी ज्यांनी ती दालनं पाहिली असतील त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिली नसतील त्यांना सांगून कळायचं नाही. ओळीनं टेबलं, टेबलावर ओळीनं टाइपरायटर, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा दिवसभर कडकडाट, आणि त्या कडकडाटातून हातात कुपी घेऊन, वॉर्डात फेरीला निघालेल्या डॉक्टरच्या चेहऱ्यानं फिरणारे काका. 'र' वर उठून खाली येत नाही? एक थेंब. घंटी वाजत नाही? एक थेंब. टायपिस्ट बाई सकाळपासून कुणाशी बोलत नाहीत? खुर्चीच्या मळसूत्राला एक थेंब. खुर्ची गरकन फिरायची, बाई हसायच्या. "एक थेंब पुरे," हे काका अशा सुरात म्हणत की मोठे साहेबसुद्धा फायलीवरची सही अर्धी ठेवून ऐकत. नाव तिथूनच चिकटलं. पुढे पुढे तर पोस्टमनही पत्रावरचं खरं नाव वाचून "हे कोण राहतात हो इथे?" असं थेंबकाकांनाच विचारू लागला.

मग कचेरीत कॉम्प्युटर आले. टाइपरायटर मागच्या व्हरांड्यात ताडपत्रीखाली गेले. निवृत्त होईपर्यंत काका जेवणाच्या सुट्टीत ताडपत्री वर करून त्या सगळ्यांना एकेक थेंब घालून येत. कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणत, "बोलावणं आलं तर तयार असावीत." बोलावणं आलं नाही. पण यंत्रं तयार होती, एवढं मी छातीठोक सांगतो.

तर असा हा माणूस आणि त्याच्या घरात कॉम्प्युटर. तो घेतला होता लेकीच्या शिक्षणासाठी. लेकीचं घरातलं नाव भिंगरी, कारण ती रांगायला लागली तेव्हापासून एका जागी सापडली नाही. त्या काळी घरात कॉम्प्युटर असणं म्हणजे घरात सोवळ्यातला पाहुणा असणं. त्याला स्वतंत्र खोली, त्याच्या खोलीत चपला बंद, त्याच्या अंगावर काकूंनी स्वतः शिवलेलं झालरीचं झाकण. मॉनिटर चांगला पोट सुटलेला, दोन माणसांनी उचलायचा. माउसलासुद्धा काकूंनी टोपडं शिवलं होतं. काका मात्र त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत. ज्यानं आपल्या दालनभर मित्रांना ताडपत्रीखाली पाठवलं, त्याच्याशी काय म्हणून सलगी करायची?

पण भिंगरी नोकरीसाठी दूरदेशी गेली आणि काकांना त्या खोलीत जाणं भाग पडलं. तिच्या जाण्याच्या दिवशी एक गोष्ट घडली होती, ती सांगायलाच हवी. काकांनी तिच्या बॅगेच्या चाकांना आदल्या संध्याकाळी प्रेमानं तेल घातलं होतं. विमानतळावर निरोपाची वेळ आली. काकांनी घसा खाकरला, महिनाभर मनात घोळवलेलं वाक्य ओठांवर आणलं, आणि तेवढ्यात उतारावर उभी असलेली बॅग निघाली. आवाज नाही, काही नाही. राजहंस निघावा तशी. "बाबा, बॅग!" म्हणून भिंगरी तिच्यामागे धावली, काचेचं दार उघडलं, दोघी आत गेल्या, दार मिटलं. पहारेकऱ्यानं तिला परत बाहेर येऊ दिलं नाही. काका खाकरलेला घसा घेऊन घरी आले. ते वाक्य काय होतं, हे त्यांनी काकूंनाही कधी सांगितलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी कॅमेऱ्यावर भेट. भेट म्हणजे काय, तर भिंगरीचा चेहरा यायचा आणि थिजायचा. आवाज पुढे, चेहरा मागे. एकदा तिची जांभई आली ती चहा होईपर्यंत मिटलीच नाही. काकू व्याकुळ होऊन म्हणाल्या, "अगं, तोंड मीट गं, माशी जाईल!"

"आई, तुमच्या मशीनची मेमरी कमी पडतेय," आवाजातली भिंगरी म्हणाली. "बाबा, रॅमची एक पट्टी वाढवून घ्या. दुकानातून माणूस बोलवा. आणि हे या आठवड्यातच करा हं. पुढच्या रविवारी मला तुम्हाला कुणाला तरी दाखवायचंय."

"कुणाला तरी म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"दिसेल तेव्हा कळेल," असं ती म्हणाली आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर थिजली: मान खाली, नजर बाजूला, ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी. काकूंनी चष्मा लावून त्या चित्राचं, डॉक्टर एक्स-रे बघतात तसं, निरीक्षण केलं.

"मुलगा आहे," त्या म्हणाल्या.

काकांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. एक लेक, तीही साता समुद्रापलीकडे, आणि तिनं निवडलेला माणूस पहिल्यांदा बघायचा तो या ढेरपोट्या डब्यातून. त्यातही तो थिजला तर? तोंड उघडं असताना थिजला तर? माणसाची परीक्षा काय करायची मग? काकांनी मनाशी ठरवलं, या रविवारी चित्र पाण्यासारखं वाहिलं पाहिजे.

काकूंनी ही बातमी फक्त समोरच्या मावशींना सांगितली, तीही कुणाला सांगणार नाही या शपथेवर. मावशी निवृत्त नर्स. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीनं 'रविवारी किती वाजता यायचं आणि खुर्च्या आपापल्या आणायच्या का' अशी चौकशी करून टाकली.

शुक्रवारी काका दुकानात जाऊन रॅमची पट्टी घेऊन आले. दुकानदार म्हणाला, "काका, उद्या माणूस पाठवतो बसवायला."

"माणूस?" काकांच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या. "अहो, मी यंत्रं उघडत होतो तेव्हा तुमचा तो माणूस दूध पीत होता."

"तो अजूनही दूधच पितो, चहा सोसत नाही त्याला," दुकानदार म्हणाला. पण काका पायरी उतरले होते.

घरी येऊन त्यांनी झालरीचं झाकण काढलं, सीपीयूचा डबा उघडला आणि आत डोकावले. आत काहीच हलत नव्हतं. एक पंखा सोडला तर दांडा नाही, चाक नाही, स्प्रिंग नाही. काकांना त्या यंत्राची कीव आली. जुनी पट्टी त्यांनी खटके दाबून बाहेर काढली, ती चांगलीच कष्टानं निघाली. आणि ज्या क्षणी ती कष्टानं निघाली, त्या क्षणी पुढच्या सगळ्या रामायणाचा निकाल लागला. कारण काकांच्या जगात कष्टानं निघणाऱ्या वस्तूवर एकच इलाज होता.

कुपीतलं तेल कचेरीच्या वेळचं, चांगलं मुरलेलं, तळाला काळपट साका धरलेलं. नव्या पट्टीच्या खाचेत एक थेंब पडला. पण नव्या पट्टीला घातलं आणि जुनीला घातलं नाही, तर जुनीनं काय समजायचं? कचेरीत काकांनी कधी यंत्रायंत्रांत भेद केला नव्हता. म्हणून दुसऱ्या खाचेतही एक. दोन्ही पट्ट्या लोण्यात सुरी जावी तशा आत गेल्या. "बघ," काका काकूंना म्हणाले, "माणूस पाठवणार होता म्हणे!" आणि त्यांनी बटण दाबलं.

डब्यानं किंकाळी फोडली. एक लांबलचक, मग दम खाऊन पुन्हा तेवढीच लांब. पडदा काळाठिक्कर. काकूंनी कानांवर हात दाबले. खालच्या रस्त्यावर एका रिकाम्या रुग्णवाहिकेच्या चालकानं गाडी थांबवून वर पाहिलं, असं म्हणतात. 'म्हणतात' एवढ्यासाठी, की म्हणणारा मीच आहे.

काकांनी बंद केलं, चालू केलं. किंकाळी. नवी पट्टी काढून जुनी एकटी ठेवली. किंकाळी. जुनी काढून नवी ठेवली. किंकाळी. खाचा बदलल्या. तीच किंकाळी, तोच सूर. आतापर्यंत दाराशी गर्दी जमली होती आणि दार वाजत नसल्यामुळे ती खोलीत कधी आली हे कुणालाच कळलं नाही.

पहिला सल्ला खालच्या मजल्यावरच्या मॅनेजरसाहेबांचा. हे बँकेतून निवृत्त झालेले. पण बँक अजून यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. हात मागे बांधून ते डब्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "तुम्ही पूर्वसूचना न देता भरती केलीत. जुना कर्मचारी नाराज आहे. माझं ऐका, बंद करा, सगळे बाहेर चला, आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं परत आत या."

खरं सांगतो, सगळे बाहेर गेले आणि तशा चेहऱ्यानं परत आत आले. डबा फसला नाही.

"सरका तिकडे," समोरच्या मावशी पुढे झाल्या. त्यांनी डब्याच्या माथ्यावर पालथा हात ठेवला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत किंकाळ्या मोजल्या. "ताप नाही. घाबरलंय. काका, याला काय दिलंत?"

"कुठे काय?" काका म्हणाले आणि कुपी हळूच पाठीमागच्या कपाटावर सरकवली. "पट्टी बसवली फक्त."

"वरून काही?"

"छे!"

"मग डाव्या कुशीवर झोपवा." डबा झोपवला गेला. मावशींनी त्याच्याखाली उशी दिली. किंकाळी उशीत दबून थोडी खालच्या पट्टीत आली. "बघा, उतार पडतोय," मावशी म्हणाल्या आणि घरी जाऊन जेवल्या.

त्या एका 'छे'पायी काकांची पंचाईत झाली होती, हे तुमच्या ध्यानात आलं असेलच. ज्या माणसाला विचारल्याशिवाय कचेरीत कुणी स्क्रूला हात लावत नसे, त्यानं चारचौघांत 'मी आत तेल ओतलं' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि तेलानं बिघडतं हे खुद्द काकांना तरी कुठे पटत होतं? तेलानं आजवर कुणाचं वाईट झालं होतं?

शनिवारी सकाळी काका पट्टी खिशात घालून दुकानात गेले. तिथे 'तक्रार' अशी पाटी लावलेली एक खिडकी होती आणि खिडकीत तोच दुकानदार होता. फक्त इकडून तिकडे येताना त्यानं ओळख तिकडेच ठेवली होती.

"पट्टी ज्या चंदेरी पिशवीत होती ती पिशवी?"

"ती घरी आहे."

"पिशवीशिवाय तक्रार घेता येत नाही."

काका घरी आले. पिशवीत काकूंनी बटणं भरून ठेवली होती. "इतकी छान पिशवी, टाकायची कशी?" त्या म्हणाल्या. बटणं पोळपाटावर ओतून काका परत गेले. दुकानदारानं पिशवी पाहिली, पट्टी पाहिली, मग पट्टी नाकाशी नेली.

"काका, ही ओली कशानं?"

"घाम," काका म्हणाले. "उन्हातून आलो."

"घामाला शिलाई मशीनचा वास?"

स्वाभिमानी माणूस अशा वेळी दुकानाच्या छताकडे बघतो, तसे काका बघत राहिले.

"ठेवून जा. मंगळवारी या. तपासणारा माणूस लग्नाला गेलाय."

"अहो, आमच्याकडेही लग्नाचंच चाललंय!" काका एकदम बोलून गेले. बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. भिंगरीचं लग्न हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला तो एका तक्रारीच्या खिडकीत. त्यांनी पट्टी उचलली आणि घर गाठलं.

दुपारी काकूंचे धाकटे भाऊ आले. ते फ्रिज दुरुस्त करत, म्हणून जगातली कुठलीही वस्तू त्यांना फ्रिजचा प्रकार वाटे. "दाजी, सोपं आहे," ते बाह्या सरसावत म्हणाले. "करंट कमी पडतोय. फ्रिजच्या प्लगला लावून बघू. तिथला करंट जाड असतो."

"करंटात जाड-बारीक असतं?"

"दाजी, टाइपरायटरला प्लग नसतो, हे लक्षात ठेवून बोला."

हा घाव काकांच्या वर्मी बसला आणि ते फ्रिजचं एक टोक धरायला मुकाट्यानं पुढे झाले. फ्रिज ओढला. त्याच्या चाकांना तेल होतं हे वेगळं सांगायला नको. फ्रिज जो निघाला तो स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून, वाटेत आपलं दार उघडून, दुधाचं पातेलं खाली ठेवून, जेवणाच्या टेबलाशी जाऊन पाहुण्यासारखा उभा राहिला. मेहुण्यांनी मोकळ्या झालेल्या प्लगमध्ये डब्याची वायर खोचली. पाय दुधात, हात प्लगवर. मेहुणे वाचले ते पायांतल्या रबरी चपलांमुळे. पण एक निळा लोळ उठला, फट् झालं, आणि घरातली, मग जिन्यातली, मग लिफ्टमधली वीज गेली.

लिफ्टमध्ये मॅनेजरसाहेब होते. दोन मजल्यांच्या मधोमध जाळीतून त्यांचे फक्त बूट दिसत होते.

"काय झालं?" बुटांनी विचारलं.

"फ्यूज गेला!" काकू जिन्यातून ओरडल्या.

"मी काल सांगितलं होतं, जुना कर्मचारी नाराज आहे!" बूट म्हणाले. त्यानंतर लिफ्ट हलेपर्यंत ते तिथून सगळ्यांना मार्गदर्शन करत होते. येणारेजाणारे त्या बुटांशी अदबीनं बोलून पुढे जात.

रविवारी सकाळी काका लवकर उठून कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन बसले. डबा अजून डाव्या कुशीवर, उशीवर मान टाकून पडला होता. बाहेरच्या खोलीत काकू खुर्च्या लावत होत्या. लोकांना नको म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. खरं सांगायचं तर त्यांनी आशाच सोडली नव्हती. नवी साडी नेसून झाली होती. काकांना ती साडी बघवेना. बाई सहा महिने लेकीचे तुकडे तुकडे बघत होती. आज सबंध लेक आणि शेजारी जावई दिसायचा होता, आणि आपल्या हातानं ते घालवलं. आधी बॅग पळाली, आता हे.

फोन वाजला. भिंगरीचा, ठरल्या वेळेच्या आधीच.

"बाबा, तुम्ही ऑनलाइन दिसत नाही अजून. रॅम बसवली ना?"

"बसवली."

"मग?"

"ओरडतंय."

"ओरडतंय म्हणजे कसं?"

काकांनी बटण दाबून रिसीव्हर डब्यापाशी धरला. मग परत कानाला लावला.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "कुपी कुठे आहे?"

"कुठली कुपी?"

"बाबा."

काकांनी दाराकडे पाहिलं. दारात काकू उभ्या होत्या. कधी आल्या, कळलंच नव्हतं. त्यांच्या मागे मावशी, मावशींच्या मागे मॅनेजरसाहेब, बगलेत आपापल्या खुर्च्या.

"एकच थेंब," काका रिसीव्हरमध्ये हळू आवाजात म्हणाले.

"कुठे?"

"दोन्हीकडे."

पलीकडे जे हसू फुटलं ते रिसीव्हर कानापासून लांब धरूनही खोलीभर ऐकू आलं. "मला माहीतच होतं! बाबा, आठवतंय का, माझ्या कंपासाच्या बिजागरीला तेल घातलं होतंत? परीक्षेत मी वर्तुळ काढायला सुरुवात केली, कंपास फाकत गेला, आणि वर्तुळ सुरू झालं तिथे परत आलंच नाही! बाई म्हणाल्या, हा गोगलगायीचा शंख कुणी काढायला सांगितला होता?"

"पण वाजत नव्हता कंपास," काका म्हणाले.

"नव्हता खरं." तिचा आवाज जरा वेगळा झाला. "ऐका आता. माझी कंपासपेटी आहे का अजून?"

अजून! ती कुठे जाणार? टेबलाच्या खालच्या खणात, माउसच्या जुन्या टोपड्याशेजारी होती. आवाज न करता उघडली. आत तो बेइमान कंपास, बोटभर उरलेली पेन्सिल आणि गुलाबी खोडरबर. खोडरबराला अजून तो गोड वास होता. एका कडेला छोट्या दातांच्या खुणा होत्या. काकूंनी तो हातात घेतला, नाकाशी नेला आणि बराच वेळ दिलाच नाही.

"आधी वायर काढा," भिंगरी सांगत होती. "खाचांमधलं तेल स्पिरिटनं आणि मऊ ब्रशनं पुसून काढा. पट्ट्यांच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवा. मग चांगलं वाळू द्या. आणि आई, कुपी कपाटात टाक आणि कुलूप लाव."

काकूंनी आधी शेवटचं काम केलं.

मावशी घरून स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन आल्या. पेशंटनं शेवटी खरं सांगितल्यावर नर्सच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "वरून काही दिलंत का, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं," त्या ब्रश फिरवता फिरवता म्हणाल्या, आणि पुन्हा थोड्या वेळानं म्हणाल्या. मॅनेजरसाहेबांनी बॅटरी धरली. आणि थेंबकाका, ज्यांनी जन्मभर वस्तूंना तेल लावलं, ते खुर्चीत वाकून, जिभेचं टोक दातांत धरून, लेकीच्या खोडरबरानं तेल पुसत बसले. खोडरबराचा गुलाबी भुगा त्यांच्या मांडीवर पडत होता. तो त्यांनी झटकला नाही.

पट्ट्या वाळल्या. खटक्यात बसल्या. या वेळी थोडा जोर लावून, कुरकुरत. काकांना तो आवाज सोसला नाही, पण त्यांनी सोसला. डबा उशीवरून उठवून उभा केला. बटण दाबलं.

एकच आवाज आला. छोटा, भरल्या पोटाच्या ढेकरेसारखा. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे भराभर वर पळाले, पूर्वी जिथे थांबत तिथून पुढे गेले. मॅनेजरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि बॅटरी खाली पाडली.

आणि भिंगरी दिसली. थिजलेली नाही, तुटलेली नाही. हलणारी, केस मागे सारणारी, सबंध भिंगरी. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच खाली घेतला, कारण त्यामुळे दिसायचं बंद होत होतं.

"आई, बाबा," ती म्हणाली, आणि एका उंच, जरा वाकलेल्या, घाबरलेल्या मुलाला हाताला धरून चौकटीत ओढलं. "हा."

मुलगा कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून पडद्याकडे बघत होता, त्यामुळे इकडे तो सगळ्यांच्या पायांकडे बघतोय असं वाटत होतं.

"काम काय करता आपण?" मॅनेजरसाहेबांनी बँकेतल्या आवाजात विचारलं.

"लिफ्टची देखभाल बघतो," मुलगा म्हणाला. "अडकलेल्या लिफ्ट सोडवतो."

"मला पसंत आहे," मॅनेजरसाहेब म्हणाले आणि खाली बसले.

"तुमची ओळख कशी झाली?" हे मावशींनी विचारलं, कारण काकू विचारणार नव्हत्या.

भिंगरी हसायला लागली. मुलगाच बोलला. "ही निघाली त्या दिवशी मी इकडच्या कंपनीतर्फे तिकडच्या विमानतळावर लिफ्टच्या कामाला आलो होतो. उतारावरून एक बॅग आली आणि माझ्या पोटरीवर आदळली. मला कळलंच नाही येताना. आवाजच नव्हता तिला. मागून ही धावत आली." तो थांबला, घसा खाकरला आणि पहिल्यांदा नीट कॅमेऱ्यात पाहिलं. "काका, मला केव्हाचं विचारायचं होतं. त्या चाकांना तेल कुठलं घातलं होतंत?"

थेंबकाका उठून उभे राहिले. त्यांनी काकूंपुढे हात पसरला. काकूंनी त्या हाताकडे पाहिलं, पडद्यावरच्या मुलाकडे पाहिलं, आणि कमरेची किल्ली काढून दिली. काकांनी कपाट उघडलं, कुपी आणली आणि कॅमेऱ्यासमोर, एखाद्या पदकासारखी, उंच धरली.

तिकडे मुलानं शर्टाच्या खिशात हात घातला आणि आपली काढली. छोटी, चपटी, पण चोच तशीच लांब.

"आता दोन झाले," काकू म्हणाल्या. रागावून म्हणाल्या असं त्यांचं म्हणणं आहे.

यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. तो डबा गेला, पोट सुटलेला मॉनिटर गेला, झालरीच्या झाकणाची पुढे पिशवी झाली. परवा भिंगरीचा फोन आला होता. हल्ली फोनच्या एवढ्याशा काचेतही चित्र पाण्यासारखं वाहतं. कुणाची जांभई अडकत नाही. ती आईला सांगत होती, "अगं आई, काय सांगू, या घरातलं एकही दार हल्ली वाजत नाही. हा कधी घरी येतो, कधी मागे येऊन उभा राहतो, काही कळतच नाही बघ!"

काकूंनी मागे वळून न बघताच पाठीशी उभ्या असलेल्या थेंबकाकांसाठी खुर्ची सरकवली.

"कळायला लागेल," त्या म्हणाल्या. "तेलाचा वास येतो."